अर्धी गोष्ट शाळेकडे, अर्धी घरी

दुपारची वेळ. मोबाइल वाजतो आणि स्क्रीनवर शाळेचं नाव दिसतं. फोन उचलायच्या आधी तुमच्या मनात काय येतं? एक तर पोरगं कुठेतरी पडलं असेल, नाहीतर त्याने कुणाला तरी पाडलं असेल. ‘तुमच्या मुलाने आज डबा विसरलेल्या मुलीला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली, एवढंच सांगायला फोन केला,’ असं कुणी म्हणेल, हे डोक्यातही येत नाही. कारण तसा फोन कधी आलेलाच नसतो.

मुलांच्या वागणुकीचा बराचसा गुंता इथूनच सुरू होतो. शाळा आणि घर एकमेकांशी बोलतात ते तक्रारीपुरतं. शाळा म्हणते, ‘घरी वळण लावत नाहीत.’ घर म्हणतं, ‘एवढी फी घेतात, पण लक्ष देत नाहीत.’ आणि या दोघांच्या मधे दप्तर पाठीला लावून रोज ये-जा करणारं मूल दोन्हीकडची बोलणी खातं.

खरं तर मूल असं का वागतंय, याची अर्धी माहिती शाळेकडे असते आणि अर्धी घराकडे. दोघांनी आपापला अर्धा भाग समोर ठेवला तरच गोष्ट पूर्ण होते. गेल्या वर्षी आमच्याच घरात मी हे जवळून पाहिलं. तुमच्याही घरी शाळेत जाणारं कुणी असेल, म्हणून सांगते.

तीन आठवड्यांत चार शेरे

दादाची बदली नाशिकहून वडोदऱ्याला झाली. जूनमध्ये सगळं घर हललं आणि माझ्या भाच्याला, घरच्या भाषेत सोन्याला, तिथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत प्रवेश मिळाला. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. त्यामुळे नवं घर लागेपर्यंत मीही काही महिने त्यांच्याकडेच होते.

सोन्या म्हणजे नाशिकच्या शाळेतला बडबड्या, पण कुणावर हात न उचलणारा मुलगा. जुलैच्या मध्यावर त्याच्या डायरीत पहिला शेरा आला. ‘मुलांना ढकलतो. घरी समज द्यावी.’ चार दिवसांनी दुसरा. तीन आठवड्यांत चार शेरे जमले. चौथ्यात ‘आक्रमक’ असा शब्द होता आणि त्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ.

घरी समज दिली गेलीच. पहिल्या शेऱ्यानंतर वहिनीने जवळ बसवून समजावलं. दुसऱ्यानंतर दादाने आवाज चढवला. तिसऱ्यानंतर सायकल कुलूपबंद झाली. चौथा शेरा आम्हाला चार दिवस उशिरा कळला, कारण सोन्याने डायरी गादीखाली लपवली होती. म्हणजे आधी फक्त ढकलाढकली होती, आता तिच्या जोडीला लपवाछपवीही आली.

त्या रात्री दादा-वहिनीचं कडाक्याचं वाजलं. वहिनी म्हणाली, “मी याला घेऊन नाशिकला परत जाते. इथे हा बिघडत चाललाय.” दादा म्हणाला, “आणि मी इथे एकटा राहू?” आतल्या खोलीत सोन्या चादर डोक्यावरून घेऊन पडला होता. झोपलेला नव्हता. आठ वर्षांच्या मुलाला एवढं नक्की कळत होतं, की आपल्यामुळे घर दोन गावांत विभागलं जाणार आहे.

शेऱ्यात काय नसतं?

मी त्या चारही शेऱ्यांची पानं पुन्हा वाचली. चारही ठिकाणी त्याने काय केलं ते होतं. कधी केलं, कुठे केलं, कुणाबरोबर केलं आणि त्याच्या एक मिनिट आधी काय झालं, यातलं काहीही नव्हतं.

यात बाईंचा दोष नाही. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आणि डायरीत लिहायला दोन ओळींची जागा. त्या दोन ओळींत एवढंच मावतं. पण घरी पोचल्यावर त्याच दोन ओळींचा निकाल होतो. आपण तो वाचतो आणि लगेच शिक्षा सुनावतो. मूल काही सांगायला गेलं तर ‘उलट बोलू नकोस’ म्हणून गप्प बसवतो.

शिवाय शिक्षा दुप्पट होते, ती वेगळीच. शाळेत त्याला रिसेसभर बाकावर बसवून ठेवलेलं असतं, घरी पुन्हा सायकल बंद. मुलाच्या दृष्टीने एकाच चुकीचा हिशोब दोनदा चुकता केला जातो. मग डायरी गादीखाली गेली तर नवल कसलं?

वाली मीटिंग

गुजरातेत पालकांना ‘वाली’ म्हणतात आणि पालकसभेला ‘वाली मीटिंग’. ऑगस्टमधली मीटिंग होती शनिवारी. दादाची पहिली पाळी होती, म्हणून वहिनीसोबत मी गेले. सोन्यालाही बरोबर घेतलं. वहिनीला ते पसंत नव्हतं. “त्याच्यासमोर बाई त्याचीच उणीदुणी काढतील गं,” ती म्हणाली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणून आम्ही आधी ठरवलं, की आपण बाईंना तक्रार विचारायचीच नाही, माहिती विचारायची. तीन प्रश्न मी मोबाइलवर लिहूनच घेतले होते.

इथे शिक्षिकेला ‘बेन’ म्हणतात आणि बेनही आईला ‘बेन’च म्हणतात. “आवो बेन, बेसो,” म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली. चेहऱ्यावर मात्र ताण स्पष्ट दिसत होता. आमच्या आधीचे एक वडील त्यांच्याशी तावातावाने बोलून गेले होते. आमच्याकडूनही तेच होणार, अशी त्यांची तयारी झाली असावी.

वहिनीने पहिला प्रश्न विचारला. “बेन, तो वर्गात कधी शांत असतो?”

बेन थोड्या गोंधळल्या. मग आठवून म्हणाल्या, “वर्गात? वर्गात तो शांतच असतो. जरा जास्तच शांत. विचारल्याशिवाय बोलत नाही.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. घरी ज्याच्या तोंडाला कुलूप लावावं लागतं, तो वर्गात बोलत नाही?

“मग ढकलतो कधी?”

“रिसेसमध्ये. मैदानावर. नेहमी त्याच चार-पाच मुलांबरोबर.”

“त्याच्याआधी काय होतं?”

हे बेननी पाहिलेलं नव्हतं. त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या नळांपाशी उभ्या असत. आरडाओरडा ऐकू आला की वळून बघत, तोवर कुणीतरी खाली पडलेलं असे. मग त्यांनी सोन्याला जवळ बोलावलं आणि हिंदीत विचारलं, “बेटा, ती मुलं तुला काय म्हणतात?”

सोन्या बराच वेळ बुटाच्या टोकाने फरशी खरवडत राहिला. मग म्हणाला, “अंचई.”

बेनच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. “आणि तुला माहीत आहे का, अंचई म्हणजे काय?”

त्याला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की सगळे मिळून तो शब्द त्याच्याकडे बोट दाखवून ओरडतात आणि हसतात.

अंचई म्हणजे खेळात केलेली लबाडी. आपण ‘रडीचा डाव’ म्हणतो ना, तसं. पण त्याला लबाड का म्हणत होते? तेही तिथेच उलगडलं. पकडापकडीत आपल्याकडे ज्याने पकडायचं, त्याच्यावर ‘राज्य’ येतं. गुजरातीत त्याला म्हणतात ‘दाव’. मुलं सोन्याला सांगायची, “तारो दाव!” म्हणजे तुझ्यावर राज्य, तू पकड. सोन्याला ऐकू यायचं ‘डाव’. त्याला वाटायचं, आता आपली पाळी, आपण पळायचं. तो धूम ठोकायचा. राज्य असलेला मुलगाच पळतोय म्हटल्यावर सगळे त्याच्यामागे ‘अंचई, अंचई’ करत धावायचे. पाच जण घेरून न कळणारा शब्द ओरडत आहेत, आपल्याला उत्तर देता येत नाही, अशा वेळी आठ वर्षांच्या मुलाकडे काय उरतं? दोन हात.

ढकलणं बेनना माहीत होतं, भाषेची अडचण आम्हाला माहीत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची, बेन हिंदीतही बोलतात, म्हणून भाषेचा प्रश्न येईल असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. वर्गात तो येतही नव्हता. तो होता मैदानात, कारण मुलं खेळताना घरचीच भाषा बोलतात.

ढकलणं चूकच

इथे एक गोष्ट बेननी फार चांगली केली. कारण कळलं म्हणून त्यांनी ढकलणं माफ करून टाकलं नाही. त्या सोन्याला म्हणाल्या, “तुला राग का आला, ते आता मला समजलं. तरीही ढकलायचं नाही. त्या दिवशी एका मुलाचा गुडघा फुटला, त्याला किती लागलं असेल? राग आला की खेळ सोडून सरळ माझ्याकडे यायचं. मी नळापाशी असते.” मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, “बेन, घरीही हेच सांगाल? याच शब्दांत?”

‘याच शब्दांत’ हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण घरी म्हणतो, ‘कुणी मारलं तर तूही दे एक ठेवून.’ शाळा म्हणते, ‘हात उचलायचा नाही.’ आजोबा म्हणतात, ‘अहो, मुलंच आहेत.’ एकाच कृतीबद्दल तीन नियम ऐकल्यावर मूल स्वतःला सोयीचा असेल तो उचलतं. त्यात त्याची लबाडी नसते, मोठ्यांनीच तशी सोय करून ठेवलेली असते.

त्या दिवशी आम्ही मिळून चारच गोष्टी ठरवल्या. पहिली, राग आला की बेनकडे जायचं. हा नियम दोन्हीकडे सारखा. दुसरी, वर्गात एक मुलगा होता, ज्याची आजी मराठी आणि आजोबा गुजराती. त्याला बेननी सोन्याचा खेळातला जोडीदार केलं. तिसरी, शाळेत घडलेल्या गोष्टीची शिक्षा शाळेतच संपवायची, घरी तिची पुरवणी जोडायची नाही. सायकलचं कुलूप त्याच संध्याकाळी निघालं. चौथी, दर शुक्रवारी बेन डायरीत एक ओळ लिहितील, आठवडा बरा गेला असला तरी.

घरी वहिनीने स्वतःहून आणखी एक बदल केला. आधी सोन्या दारात आला की पहिला प्रश्न असायचा, “आज कुणाला मारलंस का?” त्याऐवजी ती विचारू लागली, “आज काय खेळलात?” सोसायटीतली मुलं संध्याकाळी खाली खेळायची. त्यांच्याकडून गुजराती शब्द गोळा करून आणायचे आणि जेवताना आम्हाला शिकवायचे, हे काम सोन्याकडे आलं. दादाचे उच्चार ऐकून तो पोट धरून हसायचा.

म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याने पुन्हा एकदा एकाला ढकललं. पण या वेळी तो स्वतःच बेनकडे गेला आणि म्हणाला, “मी ढकललं.” शुक्रवारच्या ओळीत बेननी तेच लिहिलं होतं, आणि खाली ‘स्वतःहून सांगितलं, मला आवडलं’ असंही. दादाने ती ओळ दोनदा वाचली. नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात सोन्या त्याच चार-पाच जणांबरोबर फेर धरत होता. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला गेल्यावर त्याने तिथल्या मित्रांना ‘अंचई’ हा शब्द शिकवला. आणि वहिनीने परत जायचा विषय पुन्हा काढला नाही.

ही वाट जुनीच आहे

वडोदऱ्यात राहून या विषयावर विचार करताना सयाजीराव गायकवाड आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक म्हणून वडोदऱ्याला आले आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा त्यांना तिथे शिकवल्या गेल्या. पुढे याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. त्या काळी पालकांकडून शाळेची मुख्य अपेक्षा एवढीच होती, की मूल शाळेत पाठवा.

पण मूल शाळेत आलं म्हणजे घर आणि शाळा जोडले गेले, असं होत नाही. हे ओळखणारी माणसंही गुजरात-महाराष्ट्रातच होऊन गेली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. वकिली सोडून बालशिक्षणात आलेल्या या माणसाने मुलांइतकंच पालकांसाठीही लिहिलं. त्यांच्या एका गुजराती पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘आईबाप होणं अवघड आहे’ असा आहे. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर तिथे काम करत होत्या. पुढे ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, हा अंगणवाडीमागचा विचार तिथेच रुजला. मुलं गुरं चारायला जातात, तर शाळा कुरणात. मूल घरी कसं जगतं हे समजून घेतल्याशिवाय त्याला शिकवता येणार नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्याकडे व्हॉट्सअॅप आहे, शाळेचं अॅप आहे, पालकसभेची मोठी यादी आहे. तरीही मूल घरी कसं आहे हे शाळेला कळत नाही आणि शाळेत कसं आहे हे घराला. साधनं वाढली, पण त्यांवरून आपण पाठवतो फीची आठवण, गृहपाठ आणि तक्रारी.

कायदा काय म्हणतो?

शिक्षकांशी असं बोलणं म्हणजे आपण त्यांच्यावर काही लादतोय, असं वाटायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर आवश्यक माहिती पालकांना देणं, हे त्या कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकांचं कर्तव्य आहे. कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर या समितीत कोण आहे हे जरूर विचारा. पुष्कळ पालकांना आपण तिचे सदस्य होऊ शकतो, हेच माहीत नसतं.

तुम्ही काय करू शकता?

पहिली गोष्ट, वर्ष सुरू होताना, तक्रार येण्याआधी, शिक्षकांना एकदा भेटा. पाच मिनिटं पुरतात. घरात नुकतंच काही बदललं असेल तर सांगा. नवं गाव, नवं बाळ, आजीचं आजारपण, आईची नवी नोकरी. मूल दिवसभर शाळेत असतं, त्या काळजीसकट असतं.

दुसरी, शेरा आला की मुलाला ओरडण्याआधी कधी, कुठे, कुणाबरोबर आणि त्याच्याआधी काय झालं, हे चार प्रश्न विचारा. आधी मुलाला, मग शिक्षकांना. ‘का केलंस?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. लहान मुलांना बहुतेक वेळा ‘का’चं उत्तर देता येत नाही. ती ‘माहीत नाही’ म्हणतात आणि आपल्याला तो उद्धटपणा वाटतो.

तिसरी, एका वेळी एकच सवय हातात घ्या. ढकलणं, गृहपाठ न करणं, वर्गात उशिरा येणं, सगळं एकदम सुधारायला गेलात तर काहीच सुधारत नाही. दोन आठवडे एकच गोष्ट, आणि तिच्याबद्दल घरी आणि शाळेत एकच वाक्य.

चौथी, मुलासमोर शिक्षकांना नावं ठेवू नका. त्यांचं काही चुकत असेल तर ते त्यांच्यासमोर बोला. ‘तुझ्या बाईंना काही कळत नाही,’ हे एकदा मुलाच्या कानावर पडलं, की दुसऱ्या दिवसापासून बाईंनी कितीही चांगलं सांगितलं तरी ते वाया जातं.

पाचवी, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्याही मुलाचं नाव घेऊन तक्रार करू नका. तिथे साठ घरं वाचत असतात. एकदा ‘तो मारकुटा मुलगा’ असा शिक्का बसला, की वाढदिवसाच्या आमंत्रणांच्या यादीतून त्याचं नाव जातं आणि ते मूल आणखी एकटं पडतं. तुमच्या मुलाला कुणी त्रास देत असेल तर थेट वर्गशिक्षकांना सांगा.

शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. शेऱ्यात विशेषण लिहू नका, घटना लिहा. ‘आक्रमक आहे’ वाचून आईबाप घाबरतात किंवा भांडायला येतात. ‘आज रिसेसमध्ये खेळताना एकाला ढकललं, त्याचा गुडघा खरचटला’ हे वाचून ते विचार करू शकतात. आणि चांगली गोष्ट दिसली की तीही त्याच डायरीत लिहा. घरी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली जाते, आजी-आजोबांना फोन करून सांगितली जाते. एका ओळीच्या मानाने हे फळ फार मोठं आहे.

जुळवून घेणं म्हणजे गप्प बसणं नव्हे

प्रत्येक वेळी शाळा आमच्या बेनसारखीच भेटेल, असं मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी पालकांनी प्रश्न विचारला की तो उद्दामपणा समजला जातो. मुलाला मारलं जात असेल, वर्गासमोर अपमान केला जात असेल, तर सहकार्य म्हणजे सोसणं नव्हे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, व्यवस्थापन समितीकडे जा. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, ती मोफत आहे.

तसंच, वागण्यातला बदल अचानक आणि मोठा असेल, मूल जेवत नसेल, झोपेत दचकत असेल, शाळेचं नाव काढलं की त्याचं पोट दुखत असेल, तर नियम आणि डायरी बाजूला ठेवा. आधी त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. कधी कधी वाईट वागणं ही मुलाला करता येणारी एकमेव तक्रार असते.

आपल्यापैकी किती तरी मराठी कुटुंबं आज इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली, सुरत अशा गावांत आहेत. आपली मुलं घरी एक भाषा, वर्गात दुसरी आणि मैदानात तिसरी बोलतात. त्यातली एखादी अडखळली, की त्याचा आवाज तोंडातून न येता हातापायांतून येतो. ते शाळेला आपोआप कळणार नाही, आपणच सांगावं लागेल.

म्हणून एक छोटं काम सुचवते. या आठवड्यात तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षकांना एक निरोप पाठवा. त्यात तक्रार नको, मागणीही नको. तुमच्या मुलाबद्दल शाळेला माहीत नसलेली एक गोष्ट लिहा. त्याला कशाची भीती वाटते, काय केलं की तो खुलतो, कुठला शब्द त्याला झोंबतो. आणि शेवटी विचारा, ‘तुम्हाला त्याच्याबद्दल असं काय दिसतं, जे आम्हाला घरी दिसत नसेल?’ उत्तर यायला दोन दिवस लागतील, कदाचित आठवडाही लागेल. आलं की ते मुलासमोर वाचा.